समारंभ उत्साहात पार पडला

समारंभ होण्याआधीच त्याची बातमी लिहायची कला मी मुलुंडला नोकरी लागल्यावर शिकलो. त्यात कठीण काही नसतं. पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, आभारप्रदर्शनानंतर चहापान झालं. एवढं लिहून ठेवलं की कुठल्याही समारंभाची वेगळं काही करायची हिंमत होत नाही.

मी अंबादास, सुयश टिन कंटेनर्सच्या जनसंपर्क खात्यातला सहाय्यक. खातं म्हणजे राजाराम प्रधान साहेब आणि मी. मुलुंड-भांडुपच्या रस्त्यावर तेव्हा रोज नव्या कंपनीची पाटी लागत होती आणि प्रत्येकीला आपलं नाव पेपरात हवं होतं. आमच्याकडे पत्र्याचे डबे आणि झाकणं बनत. साहेबांनी 'धातुवार्ता' नावाची गृहपत्रिका काढली होती. ती लिहायची, तपासायची, घाटकोपरच्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे, हे सगळं माझ्या गळ्यात.

शहाऐंशी साली चार मार्चला, सुरक्षा दिनाला, सरकारी पाहुणे येणार होते. सुरक्षिततेचं बक्षीस आमच्या कारखान्याला मिळणार की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. साहेबांना कल्पना सुचली की पाहुणे परत गाडीत बसताना त्याच समारंभाची सचित्र बातमी त्यांच्या हातात ठेवायची. "झकास इम्प्रेशन पडेल रे," ते म्हणाले. मलाही ती कल्पना आवडली होती, हे कबूल केलं पाहिजे.

घोषवाक्य स्पर्धेत दशरथ परब पहिला आला होता. पत्रा कापणारा प्रेस चालवायचा. मालवणकडचा, अबोल, पण अक्षर असं की बघत राहावं. त्याचं घोषवाक्य होतं, 'हात शाबूत, तर घर शाबूत.' फोटो छापायचा तर त्याचा धातूचा ब्लॉक करायला वेळ लागतो, म्हणून दोन दिवस आधीच, दोन तारखेला, आम्ही कँटीनमध्ये बक्षीस समारंभ उरकून घेतला. दशरथ इस्त्रीचा शर्ट घालून आला. साहेब पाहुणे झाले, फोटोत त्यांची फक्त बाही आली. दशरथने ढाल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. खाली मी लिहिलं, चार मार्च रोजी सायंकाळी पारितोषिक स्वीकारताना श्री. दशरथ परब.

"भाषण मात्र माका जमाचा नाय हां," तो म्हणाला.

"तू नको करूस. मी करतो तुझ्या वतीने," मी म्हणालो आणि चार ओळींचं भाषण त्याच्या नावावर घातलं. आम्ही दोघंही हसलो होतो.

चार तारखेला सकाळी नऊ वाजता प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. समारंभासाठी तीनला काम थांबणार होतं. तेवढा माल आधीच निघावा म्हणून मशीनची संरक्षक जाळी काढून ठेवायला सांगितलं होतं. मी धावत पोचलो तेव्हा त्याला कंपनीच्या गाडीत चढवत होते. हाताला टॉवेल गुंडाळला होता आणि टॉवेलचा रंग ओळखू येत नव्हता. मला बघून बायकोसाठी निरोप दिला, "शेवंतीक सांगा, पण एकदम सांगू नकात."

मी साहेबांना म्हटलं, आजचा अंक वाटू नका.

"सहाशे प्रती छापल्यात, अंबादास," साहेब म्हणाले. "दशरथचं वाईट झालं, मलाही वाटतं. पण ते आज झालं, असं कोणी म्हटलंय?"

समारंभ झाला. दशरथचं नाव कोणी घेतलं नाही. पाहुण्यांना घाई होती, त्यांनीही विचारलं नाही. फाटकाशी उभं राहून मी अंक वाटले. मीच वाटले, आणि हे मला अजून गिळता आलेलं नाही. फाटकावर 'अपघाताविना दिवस' असा फळा होता, त्यावर ४११ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे ४१२ लिहिलेलं होतं.

कंपनीच्या रजिस्टरात लागली ती नोंद पाच तारखेची, कामावर नसताना घराजवळ झालेल्या इजेची. दवाखाना कंपनीच्या ओळखीचा होता, त्याचाही कागद पाच तारखेचाच निघाला. शेजारच्या मशीनवरचे दोघे विचारलं की माना खाली घालत. दशरथने भरपाईचा दावा लावला तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला मी एकटा उरलो.

कंपनीच्या वकिलाने अंक माझ्यापुढे धरला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"यात अर्जदार चार तारखेला संध्याकाळी ढाल घेतोय, भाषण करतोय. दोन्ही हात धडधाकट."

"ते आधी लिहिलं होतं. फोटो दोन तारखेचा आहे."

"फोटोग्राफरचं बिल चार तारखेचं आहे."

बिलावर चार तारीख मीच घालून घेतली होती. फाइल नीटनेटकी दिसावी म्हणून.

"म्हणजे तुम्ही न घडलेलं लिहिता?"

"हो."

"आणि आज सांगताय ते मात्र घडलेलं?"

मी हो म्हणालो, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

निकाल देणारे गृहस्थ सज्जन होते. चष्मा काढून म्हणाले, "तुमचं मला पटतंय असं धरू. तरी मी निकाल कशाच्या आधारावर लिहू? एखादा तरी कागद आहे?" माझ्याकडे नव्हता. इतकी वर्षं कागद करण्यातच गेली होती आणि ते सगळे समोरच्या वकिलाच्या पिशवीत होते. दावा फेटाळला गेला.

मला वाटलं, आता नोकरी जाणार. साहेबांनी नुसतं मान वर करून पाहिलं. "खरं बोललास ना? बरं वाटलं ना? चल, आता पुढच्या अंकाचा मजकूर दे." मी दिला. आजारी आई होती, बहिणीचं लग्न व्हायचं होतं, अशी कारणं सांगता येतील. पण दिला.

रविवारी भांडुपच्या टेकडीवर दशरथच्या खोलीवर गेलो. तो मुलीच्या पाटीवर डाव्या हाताने बाराखडी गिरवत बसला होता. 'क' उजवीकडे कलंडत होता. मला बघून त्याने पाटी उलटी ठेवली आणि "बसा" म्हणाला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी माझं पान चौकटीत लावलेलं होतं. ढाल, इस्त्रीचा शर्ट, खाली माझी ओळ. मी उठून उभा राहिलो. "वहिनी, हे काढून टाका. याच पानाने तुमचं वाटोळं केलं. मीच लिहिलंय ते."

शेवंतीने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. पदराने चौकटीची काच पुसली.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "पण लग्नातल्या फोटोत ह्यांचे हात शेल्याखाली गेले. दोनय हात दिसतत, असो होच एक आसा आमच्याकडे. ऱ्हवांदे."