दारातच गोत विचारणारं मशीन

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘प्रोग्राम थांबत नाही, सबब नामंजूर’ हा शेरा माझ्या पहिल्या फ्लॉपीचा. दुसरी तुम्ही चालवलीच नाही!

मी वसंता, बारावी नापास, बालाघाटला टायपिंगचा क्लास चालवतो. मराठी वाक्याचे भाग जुळवून कोण कोणाचं ते सांगणारा प्रोग्राम मी तीन वर्षं खपून लिहिला. तुमच्या भाषा-प्रकल्पात मराठीच्या एकाच प्रोग्रामला जागा होती, ती मला हवी होती.

पण आमच्याकडे माणूस नुसत्या नावानं सांगतात कुठे? ‘महागूच्या साळ्याच्या जावयाचा भाऊ आला.’ झालं, मशीन अडकलं! पहिला शब्द वाचायच्या आधीच ते अंदाज बांधी: कोणाचा तरी भाऊ, मग त्या ‘कोणा’चाही कोणी तरी, मग त्याचाही. दर वेळी वर्णन आधीपेक्षा लांब, म्हणून दर वेळी मशीनला ते नवंच वाटे. वीज जाईपर्यंत हेच; पहिल्या फ्लॉपीवरचा तुमचा शेरा खराच होता.

मग तिरोडीला चुलतबहीण सरिताचं लग्न आलं. मांडवाच्या दारात पाहुण्यांना पंगत दाखवायला मैनाआत्या उभी.

“मी बाबूलालच्या मावशीच्या...” एक पाहुणा सुरू झाला.

“हौ हौ. पोराकडचे का पोरीकडचे?”

“पोरीकडचे.”

“मंग डाव्या पंगतीत बसा.”

मी म्हटलं, “आत्या, नातं तरी पूरं ऐकत जा.”

“काहून? दारातच गोत लावत बसलो तं भात थंडा होऊन जाईन ना रे! चुकीचा बसला तं वाढणारा पकडतेच.”

जेवायला बसलो आणि कळलं, माझं मशीनही दारातच गोत लावत बसतं; मी भरल्या ताटावरून उठलो. मिळाली ती गाडी धरून क्लास गाठला. अंदाज बांधताना आता दोनच गोष्टी विचारायच्या: शब्दाची जात आणि वचन. बाकी सगळी तपासणी नंतर, भाग प्रत्यक्ष जुळवताना. वर्णन आखूड झालं की दुसऱ्या फेरीत तेच समोर येतं, मशीन ओळखतं, ‘हे तर विचारून झालंय’, आणि पुढे सरकतं.

महागूचं वाक्य चार सेकंदांत सुटलं! थांबलं, साहेब, थांबलं! क्लासच्या मागेच घर; मी बायकोला, मंजूला, हाका मारून बोलावलं. मंजूनं एका दमात अकरा नात्यांचं वाक्य सांगितलं. नऊ सेकंद.

“पाह्य, माझा पूरा मायका नऊ सेकंदात निपटवला यानं!” ती हसून हसून खुर्चीत बसली.

दुसऱ्याच दिवशी नवी फ्लॉपी रजिस्ट्रीनं पाठवली. पोचपावतीवर तुमची सही आहे. तरी तोच शेरा, स्वल्पविरामासकट.

तुम्ही चालवून पाहिली म्हणता ना? मग प्रोग्राम कोणत्या वाक्यावर थांबला नाही? ते एक वाक्य लिहून पाठवा.