आत्याचा राजीनामा

घोंगी तलाव कंपनीला गेला, आणि त्यावरची शेवटची सही माझ्या आत्याची आहे.

असं काही झालेलं नाही. आमच्या घरात तसं बहुमतानं ठरलंय. आत्या डाळीला फोडणी देतेय, तलाव जिथल्या तिथं आहे, पुढचं बोला.

तर जे झालं नाही, ते ऑगस्टमध्ये झालं नाही. आमच्या हिंदी मुलखात, उतईच्या रस्त्याला हा तलाव. काठावर अर्जुनाची जुनी झाडं, त्यांवर उघड्या चोचीच्या करकोच्यांची घरटी, घरट्यांत पिल्लं. या पक्ष्याची चोच मधोमध कधी मिटतच नाही. म्हणून असेल, जनसुनवाईला त्याला बोलावलं नव्हतं.

कंपनीला तलावात स्लॅग टाकायचा होता, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतून उरलेला मळ. त्यासाठी गावच्या जैवविविधता समितीचा ठराव हवा. समितीत तिघं: भय्याजी, ज्यांचे टिप्पर कंपनीत चालतात, भय्याजींचा साळा, जो ते टिप्पर चालवतो, आणि स्टील प्लांटमधून क्रेन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेली माझी संघमित्रा आत्या. जैव दोन, विविधता एक.

मांडव तलावाकाठीच होता. समोसे आधी वाटले, मुद्दे नंतर.

"बाई, जिंदगीभर प्लांटचं खाल्लं, अन् आता लोखंडाले नावं ठेवून राह्यल्या?" भय्याजी माइकवरून म्हणाले.

"खाल्लं ना. म्हणूनच त्याचा मळ कुठं जाते ते मले मालूम हाय. तुमच्या आंगणात टाका."

"आंगणात टिप्पर उभे राह्यते."

मांडव हसला. मग सुनवाई घेणाऱ्या सरकारी साहेबांनी विचारलं, "रोजगार किसको चाहिए? हाथ उठाइए." सगळे हात वर. माझाही. डिप्लोमा झाल्यापासून तो आपोआपच वर जातो.

"विक्की, रोजगार मांगून राह्यला का तलाव देऊन राह्यला?"

"त्यायनं दोन्ही एकाच हातात टाकलं, आत्या."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला नियम पाठ होता: तीन सदस्य नसले तर ठराव होत नाही. दोन विरुद्ध एकमध्ये ती हरणार होती. पण एक नसेलच, तर दोन कोणाला हरवणार? ती उठली. "मी राजीनामा देतो. बसा दोघंच."

भय्याजींनी स्वतःचं पेन पुढं केलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, या माणसानं आजवर कोणाला माचिससुद्धा दिलेली नाही.

आत्यानं शुद्ध मराठीत लिहिलं: "मी संघमित्रा, समिती सदस्य, राजीनामा देते." सही केली. साहेबांनी कागद वाचला आणि उभे राहून टाळ्या वाजवल्या.

"मैडम का राजीनामा आ गया! तीनों सहमत!"

हिंदीत राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद, समझोता. कोर्टात भांडणाऱ्यांचं जुळलं की देतात तो. 'देते'च्या पुढचं 'हैं' घाईत राहून गेलं, असं साहेब समजले. भय्याजींना मात्र दोन्ही भाषा येतात. ते समोसा खात होते.

"साहब, ये इस्तीफा है!" आत्या ओरडली. माइक बंद झाला. आभार प्रदर्शन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ऑफिसात गेलो. बाबू म्हणाला, राजीनामा दोन्ही पक्षांचा असतो, कंपनी राजी असेल तरच मागे घेता येईल. आणि इस्तीफा द्यायचा असेल तर वेगळा द्या, पण तो आजच्या तारखेचा धरला जाईल, म्हणजे ठरावानंतरचा. चाळीस वर्षं जिनं क्रेननं वितळलेलं लोखंड लोकांच्या डोक्यावरून नेलं आणि थेंब सांडू दिला नाही, तिला तो वर म्हणाला, "पढ़ के साइन करना था, माताजी."

काल पहिलं झाड पाडलं. पिल्लं अजून उडत नाहीत. आत्या डाळीला फोडणी देतेय, सकाळपासून तिसऱ्यांदा. म्हणून हा अर्ज मी लिहिला:

सबब महोदयांस विनंती, की सदर राजीनामा मराठीत वाचण्यात यावा. ते शक्य नसल्यास, पिल्लं उडेपर्यंत उरलेली झाडं कोणत्याही भाषेत तोडण्यात येऊ नयेत.