कमान कुणाची?

भिंगारच्या छावणीत सत्तेचाळीस साली दगडी बराकी उठत होत्या, आणि सहादेव मिस्त्रीच्या पोटात रोज दुखत होतं. ओवा खाऊन थांबणारं हे दुखणं नव्हतं. त्या दुखण्याचं नाव गोरक्षनाथ. तिसगावचा हा गडी चार वर्षांपूर्वी सहादेवाच्या हाताखाली उमेदवार म्हणून आला, आणि आता त्याच्या कमानी बघायला दुसऱ्या कामावरचे गवंडी यायचे. सहादेवाकडे कुणी ढुंकून बघत नसे.

गवंड्यांत रीत अशी, की मिस्त्रीने चार माणसांत 'हात तयार झाला' म्हणावं, मगच उमेदवाराचा गवंडी होतो. सरकारी ठेक्यातही तेच लिहिलेलं: मिस्त्रीने अंगठा उठवला की त्या दिवसापासून पुरी मजुरी. तयार गवंड्याला उमेदवार दाखवलं तर ठेका रद्द. पण सहादेव काही केल्या अंगठा उठवीना. ठेकेदार श्रीमंतच्या ते पथ्यावरच पडलं. दोन लेकरांचा बाप गोरख अर्ध्या मजुरीवर राबत राहिला.

एक दिवस मजुरी तपासायला सरकारचे सुमंत साहेब आले. काय बोलायचं ते श्रीमंतने सहादेवाला पढवून ठेवलं होतं. तशी गरज नव्हती म्हणा.

"हे अजून शिकतायत?" साहेबांनी गोरखकडे बोट केलं.

"व्हय साहेब. लई मंद डोस्कं."

"मग ही कमान कुणाची?"

तेवढी रेखीव कमान साऱ्या छावणीत नव्हती. ती गोरखची म्हणायला सहादेवाची जीभ रेटेना. "माजी," तो म्हणाला, आणि खोटं बोलूनही त्याची छाती फुगली.

"वा! मग शेजारची अर्धी राहिलीय, ती पुरी करा. मी बसतो इथं."

सहादेव चढला. मधला दगड बसेना. त्याने तो तासला, बसवला, पुन्हा तासला. तासता तासता दगड इतका लहान झाला की फटीत खुळखुळू लागला.

साहेबांनी पुन्हा तेच विचारलं. श्रीमंत डोळे वटारून उभा.

"गोरखची हाय!" सहादेव एकदम ओरडला. "माज्यापरीस चांगली बांधतो. मला ते बघवत न्हाई, म्हनून म्या अंगठा दिला न्हाई!"

साहेबांनी तिथंच लिहिलं. ठेका रद्द, गोरखची बुडवलेली मजुरी ठेकेदाराने भरायची, आणि सहादेवाला सरकारी कामावर पुन्हा मिस्त्री नेमायचं नाही. श्रीमंत शिव्या देत निघून गेला.

सहादेव खाली उतरला. आता हा आपल्या तोंडावर थुंकणार, असं त्याला वाटलं.

"मला ठावं हुतं, मिस्त्री," गोरख म्हणाला. "मी कमान चढवताना तुमी भिंतीआडून बघायचा. तवा मी मुद्दाम हात सावकाश चालवायचो. म्हनलं, इचारायची लाज वाटती, तर बघून तरी शिकू द्यावं."

चार शिव्या दिल्या असत्या, तर सहादेवाने त्या गिळल्या असत्या. हे मात्र गिळवेना. मान खाली घालून तो छावणीबाहेर चालू लागला, आणि त्या वाटेवरही त्याला गोरखचा हेवाच वाटत होता.