पत्र्यावरच्या रविवारच्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना पन्हाळी पत्रा आहे. माझ्या कडा गंजल्या आहेत, अंगाला खिळ्यांची एकोणीस भोके आहेत आणि एक कोपरा कोंबड्यांनी टोचून टोचून बोथट केला आहे. माझ्याकडे पाहून कुणी थांबत नाही. पण एका घराचा वाटा कसा ठरला, हे माझ्याइतके जवळून कुणी पाहिलेले नाही.

तरुणपणी मी चांदीसारखा चकाकत होतो. कारखान्यातून मी मचाकोस शहराच्या बाजारात आलो. तेथे कालुंडे नावाच्या मुलीने मला आणि माझ्या तेवीस भावंडांना विकत घेतले. ती शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवायची. लग्न व्हायचे होते, नवरा ठरायचा होता, आणि या पोरीने आधी जमिनीचा तुकडा घेतला. लोक हसले. तिला त्याची पर्वा नव्हती. तिचे वडील गेले तेव्हा काकाने तिच्या आईला एका मडक्यासह आणि तीन पोरांसह घराबाहेर काढले होते. त्या दिवसापासून कालुंडेने मनाशी गाठ बांधली होती, की आपल्याला कुणी बाहेर काढू शकणार नाही असे एक छप्पर आपल्या नावावर हवे. ते छप्पर आणि त्या भिंती म्हणजे आम्ही. दोन खोल्या, एक दार, आणि दाराशेजारी मी.

तीन वर्षांनी तिने मुसेंबी नावाच्या गवंड्याशी लग्न केले. लग्नाचा फोटो माझ्यासमोरच काढला. पण फोटोत मी नाही. आमच्याकडे लग्नाच्या फोटोत पत्रा दिसू देत नाहीत, लाज वाटते. शेजारणींनी मोठ्या फुलांची चादर आणली आणि माझ्यावर ताणून बांधली. मी तिच्यामागे गुदमरत उभा होतो. त्या चादरीने पुढे केवढा घोळ घातला, ते सांगतोच.

मुसेंबी कालुंडेच्या घरी राहायला आला आणि तो दगड आणायचा त्या खाणीवरच्या लोकांना विषय मिळाला. आमच्याकडे बायको नवऱ्याच्या घरी जाते. याला सगळे घरजावई म्हणू लागले. "काय रे, बायकोच्या डब्यात झोप लागते का?" असे विचारायचे. मुसेंबी तसा गरीब स्वभावाचा. एकदाच काय ते म्हणाला, "डबा आहे ना, मग डब्याला कोट शिवतो."

आणि त्याने खरोखरच शिवला. आमच्याकडे पैसे कमी असले की पत्र्याचे घर पाडत नाहीत. त्याच्याभोवती, बाहेरून, दगडी भिंत चढवत नेतात. माणसे आत राहतात, चूल पेटते, पोरे जन्मतात आणि बाहेर भिंत वाढत असते. मुसेंबी सहा दिवस लोकांची घरे बांधायचा आणि रविवारी प्रार्थनेहून आला की स्वतःचे. छिन्नीने दगड घडवायचा, ओळंबा सोडायचा, एखादा मित्र मदतीला आला तर कालुंडे त्याला मका आणि घेवड्याचे मुथोकोई पोटभर वाढायची. पैशांचा प्रश्नच नव्हता. आपल्याच घरी मजुरी कोण मागतो, आणि पावती कोण लिहून घेतो?

संध्याकाळी हात धुऊन तो आत यायचा आणि खिळ्याने माझ्या आतल्या बाजूवर एक रेघ ओढायचा. एक रविवार, एक रेघ. मला गुदगुल्या व्हायच्या. भिंत वर चढली तसा फटींतून येणारा उजेड कमी होत गेला, आणि आतला गारवा वाढला. पाळण्यातली त्यांची मुलगी मुथेऊ हसायला लागली, चालायला लागली, माझ्यावर बोट फिरवून रेघा मोजायला शिकली. ती वीसपर्यंत मोजायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते. मला ते आजही फार आठवतात.

शेवटची रेघ दोनशे अकरावी होती. भिंती आणि नवे छप्पर झाले. मग आम्हाला आतून उचकटून एकेक करून दारातून बाहेर काढले. घर मात्र उभेच राहिले. सगळ्यांनी त्या दगडांचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. माझी भावंडे भंगारात गेली. मुसेंबी तेव्हा समुद्रकाठी हॉटेलांच्या बांधकामावर गेला होता, म्हणून मी उरलो हे त्याला कळलेच नाही. कालुंडेने मला परसात नेले आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकले, रेघांची बाजू खाली करून.

तेथून पुढची गोष्ट मला अर्धीच ऐकू आली. कोंबड्या फार बोलतात. मुसेंबीचे समुद्रकाठचे काम एका वर्षाचे सहा वर्षांचे झाले. आधी तो महिन्याने यायचा, मग नाताळला. फोनवर आधी गप्पा असायच्या, मग नुसती विचारपूस, मग मुथेऊच्या शाळेपुरते बोलणे. कुणी कुणाला मारले नाही, कुणी कुणाला फसवले नाही. दोघेही हट्टी, आणि दोघांनाही आधी दुसऱ्याने बोलावे असे वाटत होते. शेवटी त्यांनी घटस्फोट घेतला आणि प्रश्न उरला घराचा.

न्यायालयाने घराच्या वाट्याची तडजोड घडवायला वायुआबाईंना पाठवले. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, चष्म्यावरून बघायच्या. बैठक परसातच, आंब्याच्या सावलीत झाली, खुराड्यापासून चार पावलांवर. कालुंडेच्या बाजूने तिचा भाऊ म्वानिया बोलत होता. जमीन लग्नाआधीची, घर लग्नाआधीचे, कागद बहिणीच्या नावाचा, मग यात वाटा कसला, असे त्याचे म्हणणे. दगडी कामही लग्नाआधीच बहिणीने गणवेशाच्या पैशातून मजूर लावून करून घेतले, असेही त्याने ठोकून दिले.

वायुआबाईंनी शांतपणे सांगितले, की लग्नाआधीचे ते कालुंडेचेच, त्याला कुणी हात लावणार नाही. पण लग्नानंतर मुसेंबीच्या हातांनी त्या घराची किंमत वाढली असेल, तर त्या वाढीत त्याचा वाटा निघतो. म्हणून लग्नाच्या दिवशी येथे काय उभे होते, एवढेच त्यांना कळायला हवे होते.

मुसेंबी म्हणाला, "पत्र्याच्या दोन खोल्या होत्या."

"लेखी पुरावा?" म्वानियाने विचारले.

मुसेंबीने आपल्या हातांकडे पाहिले. म्वानियाने लग्नाचा फोटो पुढे केला. फोटोत नवरानवरी, आणि मागे फुलाफुलांची चादर. चादरीमागे दगड आहे की पत्रा, हे देवालाच ठाऊक. मित्रांनो, मी चार पावलांवर होतो आणि मला तोंड नव्हते.

पण कालुंडेला मी तेथे आहे हे माहीत होते. रोज सकाळी अंडी काढताना ती मला वर उचलायची, त्या रेघा तिला दिसायच्या. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती घाबरली होती. वाटा द्यायचा म्हणजे घर विकायला लागेल, आणि म्हातारपणी आपणही मडके घेऊन रस्त्यावर येऊ, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होते. नुसते गप्प बसले की घर वाचत होते. मला तिच्यासाठी भीती वाटली आणि त्याच्यासाठी वाईट वाटले. दोघेही माझेच होते.

मग ती उठली, खुराड्यापाशी आली आणि तिने मला ओढले. कोंबड्यांनी एकच गोंधळ घातला. तिने मला कमरेच्या कापडाच्या टोकाने पुसले आणि रेघांची बाजू वर करून वायुआबाईंच्या पायाशी ठेवले.

"मी लग्नाआधी घेतलेलं घर हे एवढंच, बाई," ती म्हणाली. "असे चोवीस पत्रे होते. बाकीचं यांनी बांधलं. एकेक रेघ म्हणजे यांचा एकेक रविवार."

"अगं, तुला कळतंय का तू काय बोलतेस?" म्वानिया कुजबुजला.

"कळतंय. म्हणून तर इतका वेळ गप्प होते."

मुसेंबी खाली बसला. त्याने माझ्यावर बोट ठेवले आणि वीसपर्यंत मोजले, मुथेऊसारखे. मग त्याला पुढे मोजता येईना. वर न बघता तो म्हणाला, "मुथेऊच्या आई, घर विकायचं नाही. तुझ्या आईला बाहेर काढणारा तुझा काका मी नाही. माझा वाटा तेवढा मान्य कर, सवडीनं दे."

तसेच ठरले. जमीन आणि घर कालुंडेचे राहिले. भिंतींमुळे वाढलेल्या किमतीतला मुसेंबीचा वाटा तिने पाच वर्षांत, शाळा उघडल्या की गणवेशाच्या पैशातून द्यायचा. म्वानिया चहा न घेताच निघून गेला. वायुआबाईंनी दोन कप घेतले.

पाऊस संपल्यावर मुसेंबीने नदीपलीकडे जमिनीचा छोटासा तुकडा घेतला. तो सामान न्यायला आला तेव्हा कालुंडेने मला त्याच्या हातगाडीवर ठेवले.

"हा कशाला?" त्याने विचारले.

"हा लग्नाआधीचा. नुसता माझा. याच्यात कुणाचा वाटा नाही, म्हणून मला तो देता येतो. न्या."

तो मान डोलावून गाडी ओढू लागला. ती फाटकाशी उभी होती, वळणापर्यंत मला दिसत होती.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कुणाच्या हाताने काय उभे राहिले, ते गोडीत असतानाच एकमेकांना सांगत जा, आणि जमले तर लिहूनही ठेवा. जुन्या पत्र्यावर चादर टाकू नका. आम्हाला आमची लाज वाटत नाही.

आता मी मुसेंबीच्या पत्र्याच्या एका खोलीच्या भिंतीत आहे, पुन्हा दाराशेजारी. रविवारी मुथेऊ आली की तो दगड घडवतो आणि ती ओळंबा धरते. पहिल्या रविवारी संध्याकाळी हात धुऊन तो आत आला, खिळा घेतला, आणि जुन्या रेघांना धक्का लागू नये म्हणून चार बोटे जागा सोडून त्याने एक नवी रेघ ओढली. मला गुदगुल्या झाल्या.