कुलाबिनचा काटा आणि दोन भोपळे

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर माझा तुमच्यावर फारसा विश्वास नाही. राग मानू नका. ज्याचं सारं आयुष्य वजन करण्यात गेलं, त्याला ही सवय लागतेच. माझ्यासमोर येणारा माणूस आधी माझ्या दांडीकडे बघतो आणि मग आजूबाजूला कोण बघतंय ते बघतो. त्याचं ते दुसरं बघणं मी लक्षात ठेवतो.

माझी तरुणपणीची वर्षं लोकरीत गेली. कुलाबिनच्या माळावर तेव्हा मेंढ्याच मेंढ्या होत्या. कातरणीच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये मी दाराजवळ उभा असे आणि लोकरीचे गठ्ठे माझ्या फळीवर येत. कुणी गठ्ठ्याच्या पोटात ओली लोकर दाबलेली असे. कुणी बोलता बोलता फळीवर गुडघा टेकवी. माझी घडणच अशी, की मला लहान लबाडीही मोठी दिसते. खाली रुंद फळी, वर पितळी दांडी, आणि दांडीच्या टोकाला लोंबणारा एक आकडा, म्हणजे हूक. त्या आकड्यावर लोखंडी चकत्या चढवायच्या. किलोभराची एक चकती खाली शंभर किलोंना तोलून धरते. म्हणजे वर कुणी नखाएवढं काही चिकटवलं, तर खाली त्याचं किलोभर होतं. तेव्हापासून मी माणसांच्या हातांकडे बघायला शिकलो.

पुढे लोकरीचे दिवस सरले. रेल्वे बंद झाली, शेड पाडली. मी कित्येक वर्षं एका गोठ्यामागे पडून होतो. माझ्या फळीवर कोंबड्या बसत. त्या तेवढ्या प्रामाणिक होत्या.

मग गावाला भोपळ्यांची जत्रा सुचली. ओस पडत चाललेल्या गावाला काहीतरी करायलाच हवं होतं. रस्त्याच्या तोंडाशी सिमेंटचा एक घराएवढा भोपळा उभा राहिला. तो आतून पोकळ आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. दर मार्चमध्ये दोन दिवस गवताच्या गठ्ठ्यांपासून बनवलेले प्राणी उभे राहतात, गमबूट लांब फेकायची शर्यत लागते, तंबूत जॅम लावलेले स्कोन नावाचे छोटे पाव आणि चहा मिळतो, आणि शहरातून बसगाड्या भरून माणसं येतात. पण ती खरी येतात भोपळ्यांचं वजन बघायला. त्या दोन दिवसांवर गावातली बेकरी, खानावळ आणि पेट्रोलपंप वर्षभर तग धरतात. माझं एक वजन खोटं ठरलं, तर त्या बसगाड्या सरळ पुढच्या गावाला निघून जातील. म्हणून मी सगळ्यांवर डोळा ठेवतो.

मला कोंबड्यांखालून बाहेर काढलं ते रेज पेनरोजने. त्याने माझा गंज घासला, दांडी चमकवली आणि मला गावाच्या हॉलमध्ये उभं केलं. रेज गेल्यावर हॉलची किल्ली त्याच्या बायकोकडे आली. तिचं नाव डल्सी. ती किल्ली ती दोरीत ओवून गळ्यात घालते. रेजच्या बियाण्याचे भोपळेही आता तीच लावते. आणि त्यांच्या शेजारच्या वाडीत क्लॅरी हॉब्स राहतो. त्यालाही भोपळ्यांचंच वेड. दोघांच्या मध्ये एक तारेचं कुंपण आहे आणि आयुष्यभराची कुरबूर.

गेल्या जत्रेची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे नियम असा, की समितीतल्या माणसांचे भोपळे पहिल्या दिवशी सकाळीच, गर्दी व्हायच्या आधी तोलायचे, म्हणजे त्यांना नंतर कुणाच्या वजनाचा अंदाज घेता येत नाही. डल्सी समितीत आहे. आठ जणांनी ताडपत्रीचे कान धरून तिचा भोपळा उचलून आणला. जत्रेची चिटणीस जॉयलीन हिने आधी रिकामी दांडी समतोल आहे ना ते दाखवलं, मग चकत्या चढवल्या आणि ओरडली, "तीनशे बारा!"

मला तेव्हाही तो भोपळा थोडा संशयास्पद वाटला होता. बुडाशी ओलसर होता. पण मला सगळेच भोपळे तसे वाटतात.

दुपारी सगळे गमबुटांच्या शर्यतीकडे गेले. हॉल रिकामा झाला. तेव्हा दार उघडून डल्सी एकटीच आत आली. तिने माझ्या आकड्यावरच्या चकत्या एकेक करून काढल्या. मी ताठ झालो. एकटं माणूस काट्याच्या चकत्यांना हात लावतं, ते कशासाठी? तिने खिशातून तेलाचं फडकं काढलं, दांडी पुसली, चकत्या पुसल्या आणि त्या खिडकीच्या पट्टीवर तेल निथळायला उभ्या करून ठेवल्या. चकत्या खालच्या बाजूने वाटीसारख्या खोलगट असतात. ती पोकळ बाजू तिने खिडकीकडे केली. जाताना माझ्या दांडीवर थोपटून म्हणाली, "म्हाताऱ्या, उद्या नीट वाग हं."

नीट वाग म्हणजे काय? मी दुपारभर तोच विचार करत बसलो. खिडकीची एक काच फुटलेली होती, तिच्यातून एक गांधीलमाशी सारखी ये-जा करत होती. त्या दिवसांत आमच्याकडे असल्या माश्या पुष्कळ. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष दाराकडे होतं, माणसांकडे.

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला. बाहेर तीन बसगाड्या उभ्या. क्लॅरीचा भोपळा आला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो डल्सीच्या भोपळ्याहून डोळ्यांनाच मोठा दिसत होता. क्लॅरीने घरी मोजफितीने त्याचा घेर मोजून वजनाचा हिशेब काढला होता आणि गावभर सांगत फिरला होता, की यंदा पेनरोजबाईंची पहिल्या नंबराची खुर्ची रिकामी करायची वेळ झाली.

जॉयलीनने रिकामी दांडी दाखवली. समतोल. खिडकीतून चकत्यांची चळत उचलून तिने आकड्यावर चढवली. दांडी डुलली, थांबली.

"तीनशे नऊ."

क्लॅरीची मान लाल झाली. "काय? परत बघ."

"बघितलं क्लॅरी. तीनशे नऊ."

"चष्मा पूस गं बाई. माझ्या फितीने तीनशे चौदा येतं."

"तुझी फीत तुझ्यासारखीच आहे," मागून कुणीतरी म्हणालं, "फुगवून सांगते." हॉल हसला. डल्सीही हसली. ते हसणं क्लॅरीला लागलं.

"मग तिचाही परत तोला," तो म्हणाला. "आत्ता. सगळ्यांसमोर. काल कोण होतं बघायला? समितीवाले, भोपळा उचलणारे आणि एक कुत्रं."

"तोला की," डल्सी म्हणाली. "माझा भोपळा काही लाजत नाही."

आठ जणांनी पुन्हा ताडपत्री धरली. क्लॅरीचा उतरला, डल्सीचा चढला. मी मनात म्हटलं, आता कळेल. आणि मित्रांनो, माझी दांडी थांबली तेव्हा जॉयलीनने आकडा मोठ्याने वाचलाच नाही. ती डल्सीकडे बघत राहिली.

"वाच की," क्लॅरी म्हणाला.

"तीनशे सात."

मागची माणसं टाचा उंचावून काट्याकडे बघू लागली.

"काल बारा, आज सात," क्लॅरी सगळ्यांकडे वळून म्हणाला. "एका रात्रीत पाच किलो. भोपळा पळायला गेला होता का?"

"मला नाही माहीत," डल्सी म्हणाली.

"किल्ली कुणाच्या गळ्यात आहे? काल दुपारी हॉलमध्ये एकटं कोण होतं? मी स्वतः बघितलं तिला दार लावताना. काट्याशी काय चाललं होतं डल्सी?"

"तेल लावत होते. रेज लावायचा तसं."

"मेलेल्या माणसाला मध्ये आणू नकोस."

हे जरा जास्तच झालं. पण सगळ्यांच्या नजरा डल्सीकडेच वळल्या. तिने काहीतरी केलं असणार, असं त्या गर्दीत सगळ्यांनाच वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं. मी तिला चकत्या हाताळताना पाहिलं होतं. त्या दिवशी मला बोलता आलं असतं, तर मी तिच्याविरुद्धच साक्ष दिली असती.

जॉयलीन हळूच म्हणाली, "डल्सी, किल्ली आज माझ्याकडे राहू दे. सगळ्यांच्या समाधानासाठी."

डल्सीने दोरी डोक्यावरून काढली. किल्ली जॉयलीनच्या हातात दिली नाही. भोपळा उतरवल्यावर तिने ती माझ्या रिकाम्या फळीवर ठेवली आणि बाहेर निघून गेली. तिच्या वाटेतले लोक बाजूला झाले. पहिलं बक्षीस क्लॅरीचं ठरलं.

दिवस उतरला तशी गर्दी पांगली. रिवाज असा, की जिंकणाऱ्याने काट्याच्या चकत्या उतरवून पेटीत ठेवायच्या, आणि मग त्याचा भोपळा करवतीने कापून बिया सगळ्यांना वाटायच्या. लोक अंगणात करवतीभोवती जमले. क्लॅरी एकटा आत आला, छातीवर बक्षिसाची निळी रिबीन, तोंडात शीळ.

त्याने वरची चकती उचलली, पेटीत टाकली. दुसरी टाकली. तिसरी उचलली आणि शीळ थांबली. त्याचं बोट तिच्या खालच्या पोकळीत गेलं होतं. त्याने चकती उलटी केली. पोकळीत सुकलेला चिखल बसला होता, अंड्याएवढा, गुळगुळीत, एका बाजूला छोटं भोक. कुंभारीण जातीच्या गांधीलमाशीचं घर.

मित्रांनो, आमच्या गावात या माशीला कोण ओळखत नाही? नळाच्या तोंडाला, पाइपाच्या टोकाला, कुलुपाच्या भोकालाही उन्हाळ्यात चिंधी कोंबून ठेवतात, ते हिच्याच भीतीने. एका दुपारीत ती चिखलाचं घर बांधून मोकळी होते. तेल निथळायला ठेवलेली लोखंडी वाटी, आणि शेजारी फुटकी काच. डल्सीने माझ्या काळजीपोटी केलं, त्यातच ती अडकली. आणि ते घर बांधलं जाताना मी समोर उभा होतो! मुठीत मावेल एवढा चिखल, पण माझ्या दांडीवर त्याचे पाच किलो होतात. आज प्रत्येक भोपळा पाच किलोंनी हलका भरला होता.

क्लॅरीला ते कळायला वेळ लागला नाही. तो चकतीकडे बघत राहिला, मग दाराकडे. मी वर सांगितलं ना, ते दुसरं बघणं मी लक्षात ठेवतो. दारात कुणी नव्हतं. त्याने खिशातून चाकू काढला आणि पातं उघडलं.

मला वाटलं, झालं. हा आता चिखल खरवडून खिशात घालणार. त्याचा भोपळा तसाही मोठाच होता, बक्षीस तसंही त्याचंच राहणार होतं. फक्त डल्सी चोर ठरणार होती, आणि कुंपणापलीकडून टोमणे मारायला त्याला ते आयुष्यभर पुरलं असतं. अंगणातून हाक आली, "क्लॅरी, करवत थांबलीय! तू काय स्वतःचं वजन करतोयस का?"

क्लॅरीने चाकू मिटला. ती चकती तळहातावर तशीच धरून तो दारात गेला.

"डल्सी कुठंय?" तो ओरडला.

"गेली घरी. तूच घालवलीस ना."

"मग कुणीतरी आणा तिला. करवतीला हात लावू नका. आधी हे बघा."

डल्सी आली ती कपडे बदलून, पायात बागेतले बूट घालून. क्लॅरीने सगळ्यांसमोर तो चिखल फोडला. आत कोळी भरून ठेवलेले होते, माशीच्या पिल्लांसाठी.

"हा बघा कुलाबिनचा चोर," तो म्हणाला. "सहा पायांचा. आणि मी बोट दाखवलं ते दोन पायांच्या बाईकडे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "डल्सी, रेजबद्दल बोललो ते... ते मी बोलायला नको होतं."

"नकोच होतं," डल्सी म्हणाली. "तोला दोन्ही. परत."

चकती धुऊन पुसून चढवली. डल्सीचा भोपळा तीनशे बारा. क्लॅरीचा तीनशे चौदा.

"म्हणजे माझी फीत बरोबर होती!" क्लॅरीला राहवलं नाही.

"हो रे बाबा, जिंकलास. आता तरी गप्प बस," डल्सी म्हणाली, आणि पहिल्यांदा हॉल मोकळेपणाने हसला. क्लॅरीने तोलण्याआधी फळीवरून काढून पेटीशेजारी ठेवलेली किल्ली उचलली आणि दोरी उकलून तिच्यापुढे धरली. तिने ती गळ्यात घातली. मग त्याने भोपळा कापला आणि पहिली मूठभर बी तिला द्यायला गेला.

"तुझं बी? माझ्या वाफ्यात?" ती म्हणाली. "त्यापेक्षा मी माशी पाळीन."

मी अजून संशयी आहे, मित्रांनो. तुमचे हात मला अजून दिसतात. पण तेव्हापासून एक वेगळा संशय माझ्या मनात घर करून बसला आहे. मी ज्या बाजूला बघत नसतो, तिथे माझ्याच अंगाला काय चिकटलेलं असेल?

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या गावात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला तेल जरूर लावा, पण चकत्या वापरण्याआधी एकदा उलट्या करून बघा. आणि एखादं माणूस कमी भरलं असं वाटलं, तर त्याच्या हातातली किल्ली काढून घेण्याआधीही तेवढंच करा. आमच्या हॉलची ती फुटकी काच, हे लिहीपर्यंत, कुणी बसवलेली नाही.