जांभळे करंडे

वसुमतीच्या पोटात दुखत होतं, आणि त्याला कारण धाकट्या जावेचे जांभळे करंडे.

दोघींनी एकच व्हिडिओ पाहिला होता. ॲल्युमिनियमचा करंडा धुवायचा, ॲसिडच्या टबात वीज सोडून त्यावर थर चढवायचा, मग रंगात बुडवायचा. कीर्तनाचे करंडे वांग्यासारखे तुकतुकीत निघत. वसुमतीच्या करंड्यांवर पांढुरके डाग. नवरात्रात कोलूच्या मांडलेल्या बाहुल्या बघायला येणाऱ्या सवाष्णींना कोणाचे करंडे द्यायचे, हे सासूबाई, म्हणजे सुनांच्या अत्ते, शुक्रवारी ठरवणार होत्या. सोळा वर्षं हा मान थोरल्या सुनेचा होता. आता घरच्यांना न विचारता लग्न करून आलेली ही कीर्तना तो पटकावणार! वसुमतीने ॲसिड बदललं, रंग बदलला, वीजमंडळाच्या नावाने बोटं मोडली. डाग काही हटेनात.

शेवटी नाक मुठीत धरून ती राजवाड्यामागच्या गल्लीत कीर्तनाकडे गेली.

“अक्का, थर चढल्यावर हातानं शिवता काय?” कीर्तनाने आडपडदा न ठेवता विचारलं. “बोटाचं तेल लागलं की तिथं रंग धरत नाही.”

वसुमती तर रंगात घालण्याआधी प्रत्येक करंड्याला कुंकवाचं बोट लावून पुसायची. नव्या वस्तूला लावायचंच असतं! म्हणजे रीत पाळणारीचे डागाळणार आणि न पाळणारीचे चकाकणार? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

कीर्तना कॉफी आणायला आत गेली. थर चढलेले सव्वीस करंडे पाण्यात रंगाची वाट बघत होते. पाहुणीसाठी काढलेलं कुंकू शेजारीच होतं. वसुमतीने तेल लावलेल्या केसांवरून बोट फिरवलं, कुंकवात बुडवलं आणि एकेक करंडा उचलून चांगलं चोळलं. कोण नावं ठेवणार? शुभच तर केलं!

कीर्तना परतली आणि पेला हातात धरून थबकली. वसुमतीने भांडणाची तयारी केली.

“माझ्या वस्तूंना कुंकू लावलंत, अक्का?” कीर्तनाने पेला खाली ठेवला. “नऊ वर्षांत सासरच्या कोणीच लावलं नाही.”

“डाग पडतील,” वसुमती कशीबशी म्हणाली.

“पडू देत. हे असेच अत्तेंना दाखवते. तुमचेच करंडे घेऊ देत.” ती वाकून पाया पडायला लागली.

वसुमतीने झटकन पाय मागे घेतले.

“नको, शिवू नकोस मला. जळून केलं मी ते.”