काचेवरचा ळ

ऑफिसात त्यांना सगळे वेलांटीमास्तर म्हणायचे. टेबलावर वाकून वाकून पाठीला बाक आला होता, आणि नावं ठेवण्यात त्या ऑफिसचा हात धरणारं कोणी नव्हतं. मास्तरांचं काम अक्षरं घडवण्याचं. छापायची, पाटीवर रंगवायची, पडद्यावर उमटायची अक्षरं आधी कोणीतरी एकेक करून काढावी लागतात, हे लोकांच्या गावीही नसतं.

तरुणपणी मास्तरांनी कंपनीसाठी अक्षरांचं एक वळण घडवलं आणि ते असं चाललं की विचारू नका. बसच्या पाट्या, औषधांची पाकिटं, बँकेच्या दारावरचं ‘ढकला’, दवाखान्यातलं ‘शांतता राखा’, जिथं बघावं तिथं मास्तरांचाच हात. लोक म्हणत, केवढा मान! मास्तरांना मात्र घराबाहेर पडलं की गुदमरायला व्हायचं. त्यात ते वळण कंपनीच्या मालकीचं. त्याच्याशी जुळणारं काहीही दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, असा करार मास्तरांनी मिसरूड फुटायच्या वयात हसत हसत करून टाकला होता. मालकांना नवीन काही नकोच होतं. जुनंच जरा जाड करा, जरा बारीक करा, जरा तिरकं करा. मास्तरांनी नव्याचा विषय काढला की मालक चहा मागवायचे, आणि चहा संपेपर्यंत विषयही संपलेला असायचा.

शेवटी मास्तरांनी घरातच, स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या खोलीत, नवं वळण काढायला घेतलं. जुनं पट्टी आणि कंपास घेऊन काढलेलं, म्हणून हे बोरूनं. जुने कागद त्यांनी माळ्यावर टाकले. ऑफिसातला चिटोराही या खोलीत येऊ द्यायचे नाहीत. जुनं नि नवं शेजारी ठेवलं की डोळा चोरी करतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी दोन्ही एकदाही शेजारी ठेवून पाहिली नाहीत.

मुलांची वाचनाची पुस्तकं काढणाऱ्या एका बाईंना बोरूची ती अक्षरं दाखवली, तर त्या हरखून गेल्या. सोमवारी करार करायचा, मग मास्तर कंपनी सोडणार, असं ठरलं. बायकोनं तर त्यांचा ऑफिसचा डबा कोणाला देऊन टाकायचा तेही ठरवून ठेवलं. बाईंच्या वकिलाला फक्त एक कागद हवा होता: जुन्यावर नवं ठेवून जुळत नाही एवढं दाखवा, म्हणजे कंपनीला उद्या तोंड उघडायला जागा नको. मास्तर म्हणाले, त्यात काय, चुटकीसरशी देतो.

रविवारी दुपारी बायकोनं स्टूल धरलं आणि मास्तरांनी माळ्यावरून जुने कागद काढले. खालून दिवा लावलेल्या काचेवर त्यांनी जुना ळ ठेवला, त्यावर नवा ळ. ळ त्यांचा लाडका. त्याची दुसरी वाटी पहिलीपेक्षा किंचित खाली उतरवताना त्यांना दर वेळी वाटायचं, आता सुटलो.

बायको भांडी आवरून डोकावली, तरी मास्तर काचेवर वाकलेलेच.

“जुळत नाही ना?” तिनं विचारलं.

“बघ तूच.”

तिनं पदरानं चष्मा पुसला आणि पाहिलं. “दुसरा कुठाय?”

“दोन्ही आहेत.”

मास्तरांनी क ठेवला, ण ठेवला, अ ठेवला. बोरूची जाडी तेवढी कडेला सांडत होती. आतला सांगाडा तोच, गाठी त्याच, पोटं तीच. इतकी वर्षं जिवाचं रान करून ते जिथून निघाले होते तिथंच येऊन बसले होते. त्यांना स्वतःच्या उजव्या हाताचा असा संताप आला की त्यांनी बोरू डाव्या हातात घेतला.

डाव्या हातानं काढलेला ळ शाळेत पहिल्यांदा गेलेल्या पोरानं काढावा तसा आला. वाकडातिकडा, थरथरता. मास्तरांना हसू फुटलं, बायकोही हसली. क्षणभर त्या खोलीत हवा आल्यासारखं झालं. मग न राहवून मास्तरांनी तोही काचेवर ठेवला. रेघा भरकटल्या होत्या खऱ्या, पण दुसरी वाटी तेवढीच खाली उतरली होती, बरोबर तिथंच.

“पुरे आता,” म्हणून बायकोनंच दिवा बंद केला.

सोमवारी सकाळी मास्तरांनी बाईंना फोन लावला. आडवळणं घेण्यात अर्थ नव्हता.

“बाई, ती अक्षरं मला तुम्हाला देता येणार नाहीत. माझी नाहीत ती.”

“म्हणजे? मग कोणाची?”

“कंपनीची.”

“अहो, पण काढली तर तुम्हीच ना?”

“हो,” मास्तर म्हणाले. “दोन्ही वेळा मीच.”

बायकोनं डबा भरला. मालकांना पाट्यांसाठी तेच वळण आणखी जाड करून हवं होतं, म्हणून मास्तर रोजच्यापेक्षा थोडे लवकरच निघाले.